चार बोटं खाली

मी आजवर दोनशे चौदा स्वयंपाकघरं मोडली आहेत. लोक म्हणतात, स्वातीताईनं बांधून दिलं. पण बांधायच्या आधी मोडावं लागतं आणि खरं सांगायचं तर मला मजा मोडण्यातच येते. भंडाऱ्यात माझं मॉड्युलर किचनचं दुकान आहे, मागे छोटासा कारखाना. सतरा वर्षं झाली. या सतरा वर्षांत लोकांची आवड अशी फिरताना पाहिली की हसावं का रडावं कळत नाही. आधी सगळ्यांना मरून रंगाचं हवं होतं, तोंड दिसेल इतकं चकचकीत. मग मरून गावंढळ ठरलं आणि हस्तिदंती आलं. त्यावर हळदीचे डाग दिसायला लागले तेव्हा राखाडी आलं. हल्ली पिस्ता चालू आहे, आणि कपाटाला मूठ नको. ज्या बाईनं बारा वर्षांपूर्वी हट्टानं मरून लावून घेतलं, तीच परवा मला विचारत होती, तेव्हा मले रोकलं काहून नाही म्हणून. रोखलं असतं तर बाई शेजारच्या दुकानात गेली असती.

रंग फिरतो, माप फिरत नाही, हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. ओटा दोन इंच चुकला तर बाई वीस वर्षं कंबर धरून फिरते, डॉक्टर बदलते, तेलं बदलते, आणि ओट्याकडे कोणी बघत नाही.

हे दुनियेला सांगणारी मी, आणि माझ्या सख्ख्या आईचा ओटा चार इंच चुकलेला.

आमचं घर पवनीला, विणकरांच्या आळीत. पुढे बैठक, मध्ये पूर्वी जिथं माग होता ती लांबट खोली, मागे स्वयंपाकघर आणि परस. माझे बाबा, मोतीलाल, तरुणपणी स्वतः मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचे. नंतर साड्यांच्या व्यापारात गेले, खड्डा बुजवला आणि वर फरशी आली. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. आई, जानकीबाई, तिथं एकटी राहायची. तिची उंची चार फूट आठ इंच आणि ओटा सदतीस इंच. हात पुरायचे नाहीत, म्हणून ती कायम सागाच्या पाटावर उभी राहून स्वयंपाक करायची. लहानपणी मैत्रिणीकडे तिच्या आईला जमिनीवर उभं राहून पोळ्या लाटताना पाहिलं तेव्हा मला ते चमत्कारिक वाटलं होतं. आया पाटावर उभ्या राहतात असंच मी धरून चालले होते.

जेवायच्या आधी आई ओट्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यावर भाताचा एक घास ठेवायची आणि तोंडातल्या तोंडात म्हणायची, "घे बाई." तो घास मागून कावळ्याला जायचा, त्यामुळे तो कावळ्यासाठीच असतो असं आम्ही समजत होतो.

गेल्या वर्षी आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर ती चाळीस दिवस पुण्याला माझ्या भावाकडे, भूपेंद्रकडे होती. अकरावा मजला, सगळं हातात, आणि वहिनी तिला पाण्याचा पेला उचलू देत नव्हती. परत आली ती अर्धी होऊन. मग होळीच्या आदल्या दिवशी पुरण वाटता वाटता ती पाटावरून पडली. हाड वाचलं, पण भूपेंद्रचं डोकं फिरलं. त्यानं फोनवर मला स्पष्ट सांगितलं: पोळ्याला मी येतो, तोपर्यंत आई आपल्या पायावर उभी राहून स्वतःपुरतं रांधत असली तर ठीक, नाही तर तिला घेऊन जातो, कायमचं. त्याचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी आई माझा हात धरून बसली होती.

"मले तिकडे नको पाठवू," ती म्हणाली. "तिथं मी पाहुणी हावो. इथं माही चूल हाय."

मी तिला शब्द दिला. दोनशे चौदा लोकांची स्वयंपाकघरं केली, आईचं करायला कधी वेळ नव्हता, याची मला लाज वाटत होती.

मिस्त्री म्हणून मी लीलाधरला बोलावलं. हा आसगावचा. आमच्या घरातला पहिला उभा ओटा, चौऱ्याऐंशी सालचा, त्याच्या बापानं, बुधराममिस्त्रीनं बांधला होता. या बापलेकांची ओट्याचं माप घ्यायची एक रीत आहे. कॅटलॉगात चौतीस इंच लिहिलेलं असतं, ते हे लोक मानत नाहीत. घरातल्या बाईला अनवाणी भिंतीशी उभं करायचं, हात कोपरात दुमडायला सांगायचं आणि कोपराखाली कोळशानं आडवी रेघ ओढायची. त्या रेघेपासून चार बोटं खाली, तो ओटा. आणि ओटा बांधून झाला की ज्या बाईची रेघ, तिनंच ती आपल्या हातानं पुसायची. म्हणजे ओटा तिच्या ताब्यात गेला.

सुरुवातीला मी या प्रकाराला हसायचे. नंतर ध्यानात आलं की माझ्या कॅटलॉगपेक्षा यांचं माप जास्त बरोबर येतं, तेव्हापासून मीही चार बोटंच धरते.

स्वयंपाकघरात सामानाचा ढीग होता, म्हणून आईचं माप बैठकीत घेतलं. कोपर छत्तीस इंचावर. चार बोटं म्हणजे तीन इंच वजा, ओटा तेहेतीस. मी लीलाधरला चिडवलं, तुझ्या बाबानं सदतीसचा कसा काय बांधला रे, त्या दिवशी सकाळीच लावली होती का? तो हसला नाही. "बाबा मापात कधी चुकले नाही, ताई," एवढंच बोलला आणि घमेलं उचलून आत गेला.

मे महिन्यात तोडफोड सुरू झाली. बाहेर पारा पंचेचाळीसवर, आत सिमेंटचा धुरळा. आई मागाच्या खोलीत कूलरसमोर तांदूळ निवडत बसायची. भिंत सुटत गेली तसे एकाखाली एक जमाने निघायला लागले. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी, नव्व्याण्णव साली, बाबांनी हिरवा ग्रॅनाइट आणि निळ्या फुलांच्या पांढऱ्या टाइल्स लावल्या होत्या. तेव्हा आळीतल्या बायका त्या बघायला आल्या होत्या आणि आईनं सगळ्यांना चहा केला होता, पाटावर उभी राहून. टाइल्सखाली फिकट हिरवा ऑइलपेंट निघाला, तो कडप्प्याच्या ओट्याच्या वेळचा. त्याखाली छुईमातीच्या, म्हणजे पांढऱ्या मातीच्या, सारवणाचे पोपडे, चुलीच्या धुरानं तांबूस झालेले. प्रत्येक थर लावताना कोणाला तरी वाटलं असणार, आता झालं, आता याच्यापुढे काही नाही. माझ्या पिस्त्यालाही कोणीतरी पंधरा वर्षांनी हसेल, असं मनात आलं आणि थोडं बरंही वाटलं.

खिडकीच्या डाव्या अंगाला लीलाधरचा हातोडा थांबला. तो बाजूला सरकला.

छुईमातीवर कोळशाची रेघ होती. वीतभर, सरळ, दोन्ही टोकांना किंचित जाड. मी टेप लावला. चाळीस इंच. चाळिसातून चार बोटं वजा केली की सदतीस. म्हणजे बुधराममिस्त्री चुकला नव्हता. त्यानं या रेघेवरूनच ओटा बांधला होता.

पण रेघ कोणाची? आजी माझ्या आईहून बुटकी होती, आणि जन्मभर चुलीपुढे बसून रांधणारी. आत्या नाही, काकू नाही. एवढ्या उंच कोपराची बाई आमच्या घरात झालीच नव्हती. मी मागाच्या खोलीत जाऊन आईला विचारलं. तिनं तांदळातून मान वर केली नाही.

"ते तुळसाचं माप हाय," ती म्हणाली.

बाबांचं आधी एक लग्न झालं होतं, एवढं मला माहीत होतं. घरात कोणी त्याविषयी बोलत नसे आणि मीही कधी खोदून विचारलं नव्हतं. नाव मी चाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा ऐकलं. आईनं सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी, तांदूळ निवडता निवडता. तुळसा उंच होती. लहानपणी मागाच्या खड्ड्यात पडून तिचा उजवा पाय गुडघ्यात ताठ झाला होता, मांडी घालता यायची नाही. चुलीपुढे ती पाय लांब सोडून, वाकडी बसून रांधायची. बाबांना तिच्यासाठी उभा ओटा बांधायचा होता. त्यांनी बुधरामला आणून रेघही ओढून घेतली होती. आजी आडवी आली. चुलीसमोर खांबासारखी उभी राहून रांधते का कोणी, अन्नाचा अपमान आहे, म्हणाली. ओटा राहिला. सहा महिन्यांनी तुळसाचा पदर पेटला. दुसरी असती तर उठून परसात पळाली असती.

आईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा एक टाक असे, नखाएवढा, त्यावर झिजलेली बाईची आकृती. बाबा गेल्यावर तिनं मंगळसूत्र काढलं, टाक काढला नाही. दुसरेपणावर आलेली बाई मेलेल्या पहिलीचा टाक घालते, तिला जेवू घालते, हे मी इतरांच्या घरचं ऐकलं होतं. ते माझ्या डोळ्यांसमोर चाळीस वर्षं चाललं होतं आणि मी कावळे बघत होते.

"तुले मालूम होतं, ओटा तिच्या मापाचा हाय म्हणून?" मी विचारलं.

"पैल्या दिवशीच."

"मंग बोलली काहून नाही?"

आईनं सूप खाली ठेवलं. "कायले बोलू? तिले तं भेटलाच नाही तो. मले भेटला. पाट टाकून का होईना, भेटला."

मला बाबांचा असा राग आला की कान तापले. मेलेल्या बायकोचं माप भिंतीवर जपून ठेवलं, आणि जितीला अडतीस वर्षं पाटावर चढवलं. ग्रॅनाइट लावताना तरी ओटा खाली घेता आला असता. तेव्हाही घेतला नाही. मी तरातरा आत गेले, बादलीत फडकं बुडवलं आणि ती रेघ पुसून टाकली. एका हातात निघाली. काळं पाणी भिंतीवरून ओघळलं.

लीलाधर बघत उभा होता. "ताई, ते ज्याची त्यानंच पुसावं लागते," तो म्हणाला.

मी म्हटलं, जिची आहे ती येणार आहे का पुसायला? आणि कामाला लाग म्हणून त्याच्यावरच खेकसले. मागे वळले तर आई दारात उभी होती. "तू पुसली?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं गळ्यातला टाक पदराआड केला.

जूनच्या मध्यावर काम पूर्ण झालं. पिस्ता रंगाच्या ट्रॉल्या, पांढरा क्वार्ट्झचा ओटा, मागे त्याच रंगाच्या टाइल्स. रंग आईनं निवडला नाही. तू म्हणशील तसं, म्हणाली, आणि मी आपली आवड लावून टाकली, हे कबूल करते. पण माप तिचं होतं. लेव्हल लावून, चारही जागी टेप लावून बघितलं, तेहेतीस म्हणजे तेहेतीस. आई अनवाणी ओट्यासमोर उभी राहिली, दोन्ही तळहात दगडावर ठेवले आणि खांदे खाली सोडले. ते खांदे असे खाली मी आयुष्यात पाहिले नव्हते. तिनं त्या दिवशी बेसनाच्या वड्या पाडून पातोडीची भाजी केली. मी चार वेळा वाढून घेतली आणि पाट उचलून परसातल्या लाकडाच्या खोपटात टाकून आले.

पंधरा दिवसांनी गेले तेव्हा खिडकीजवळच्या टाइल्सवर हळदीचा पट्टा दिसला. वीतभर, आडवा. मी पुसला. आईचा हात लागला असेल. पुढच्या वेळी तो पुन्हा तिथंच होता. मी उगाचच टेप काढला. चाळीस इंच. मला माझंच हसू आलं. हळदीचा डाग मोजणारी बाई गिऱ्हाइकांनी बघितली तर दुकान बंद पडेल. पुसला आणि घरी आले. वाटेत अड्याळपर्यंत मी गाडीत रेडिओ लावला नव्हता, हे मला भंडाऱ्यात शिरल्यावर जाणवलं.

जुलैत आई फोनवर म्हणाली, कंबर दुखून राहिली. विचारलं तर सांगितलं की ओटा खाली पडते, वाकावं लागते. मी चिडले. चाळीस वर्षांची उंच ओट्याची सवय, दुसरं काय. पण गेले, बघितलं. ती खरंच वाकून कणीक मळत होती, खांदे पुढे, मान खाली, पुण्यात उंच सुना बुटक्या ओट्यावर वाकतात तशी. मी तिला सरळ उभं केलं, चपला नाहीत ना बघितलं, कोपर दुमडायला लावलं.

अडतीस.

टेपची पट्टी सरकली असेल म्हणून दुसरा टेप आणला. अडतीस. तिला बैठकीत नेलं. छत्तीस. परत स्वयंपाकघरात आणलं. फरशी लेव्हलनं तपासली, कुठं उंचवटा नाही. आई निमूटपणे उभी राहत होती, सांगितलं की हात दुमडत होती.

"काय झालं वं?" तिनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं.

मी ड्रॉइंग वाचणारी बाई आहे. अर्ध्या इंचासाठी कारागिरांशी भांडलेली. त्या रात्री मी जेवले नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, कारण सांगायला वाक्यच तयार होईना. आई एका खोलीत छत्तीस आहे आणि दुसऱ्या खोलीत अडतीस, असं कसं म्हणणार?

पुढच्या रविवारी लीलाधरला सोबत नेलं. त्याला काही बोलले नाही, नुसतं आईचं माप घे म्हटलं. त्यानं टेप घेतलाच नाही. खिशातून सुतळी काढली, बैठकीत माप घेऊन गाठ मारली, स्वयंपाकघरात माप घेऊन दुसरी गाठ मारली. दोन गाठींमध्ये त्याची चार बोटं सहज बसली, वर थोडी जागा उरली; आठवड्यापूर्वीच्या दोन इंचांचे तीनाहून जास्त झाले होते. त्यानं सुतळी गुंडाळली आणि परसात जाऊन बिडी पेटवली. मी मागे गेले.

"ओटा उचला, ताई," तो म्हणाला.

"आणि नाही उचलला तर?"

"तर माय वाकतच राहीन. पोळ्याले दादा येऊन पाहीन."

आतून आई चालत आली, आम्हाला चहा द्यायला. मी तिच्या पायांकडे बघत होते. ऑपरेशन डाव्या गुडघ्याचं झालं होतं, वर्षभर ती डावा पाय जपून टाकत होती. त्या दिवशी डावा पाय नीट पडत होता. उजवा ताठ होता. बाहेरच्या बाजूनं गोल फिरवून टाकत होती.

बैठकीत आली की ती पुन्हा डाव्या पायानं लंगडायची. तेही मी बघितलं.

मी चार दिवस विचार केला. भूपेंद्रला फोन करून म्हणू शकले असते, घेऊन जा. पुण्यात अकराव्या मजल्यावर ती छत्तीस इंचाची राहिली असती. माझी आई राहिली असती, खिडकीतून खाली बघत, कोणाची कोणी नसलेली. आणि मी तिला शब्द दिला होता. शिवाय, मनात खोल कुठंतरी, मला त्या दुसरीचंही वाईट वाटत होतं. एक ओटा मागितला होता बिचारीनं. मी तिची रेघ फडक्यानं पुसली होती.

ट्रॉल्यांखाली चार इंचाचा पाया घालून ओटा वर घ्यायला दीड दिवस लागला. सदतीस.

लीलाधरनं कोळसा मागितला. आईला टाइल्सपाशी उभं केलं. तिनं न सांगता हात दुमडला. त्यानं कोपराखाली रेघ ओढली, पिस्त्यावर काळी, चाळीस इंचावर. रेघ सरळ आली.

आई त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं उजवा तळहात ठेवला आणि सावकाश, डावीकडून उजवीकडे, ती पुसली. हसली. ते हसू मी ओळखत नव्हते.

मग तळहाताची काजळी पदराला पुसून तिनं गॅस पेटवला.

भूपेंद्र पोळ्याच्या आदल्या दिवशी आला. आई पुरणपोळ्या करत होती. सरळ, पाठ ताठ, खांदे सैल, उघड्या पायांनी जमिनीवर. तो दारातच थांबला. बापरे, आई किती छान उभी राहून राहिली, म्हणाला. माझी पाठ थोपटली, स्वाती, मानलं तुला, म्हणाला. मी त्याला सांगणार होते. त्यानं तोंड भरून पोळी खाल्ली, पुरणात जायफळ जास्त आहे म्हणाला, आई कधी घालत नाही, पण मस्त लागतं. मग मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बैलांना ओवाळून झालं आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी तो समाधानानं पुण्याला गेला. आई घरातच राहिली.

त्याला गाडीत बसवून मी परत आले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. आई जेवायला वाढत होती. तिच्या गळ्यात काळा दोरा नव्हता. चांदीचा टाक घासून लख्ख करून खिडकीतल्या कोपऱ्यात उभा केलेला होता, समोर हळदकुंकू. इतका लख्ख की झिजलेली आकृती आता दिसत होती. बुटकी बाई, हात वर केलेले.

ओट्यासमोर, बरोबर मधोमध, सागाचा पाट मांडला होता. परसातून कधी आणला कोण जाणे. ती त्याच्यावर उभी नव्हती. त्याच्या बाजूला उभी होती, उजवा पाय बाहेर टाकून, कोणाला तरी जागा ठेवल्यासारखी.

तिनं भाताचा पहिला घास घेतला आणि कोपऱ्यावर, टाकासमोर ठेवला.

"घे, जानकी," ती म्हणाली.

मी पाट उचलायला वाकले. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला थांबवलं, अगदी मायेनं.

"राहू दे तिथंच," ती म्हणाली. "तिचा हात पुरत नाही."